प्रबोधिनीच्या मानचिन्हावरील सिंह

सैन्याच्या मानचिन्हाच्या शिरोभागी जे विराजमान असते, त्यावरून ते सैन्य कोणाच्या आज्ञेत वागते हे कळते; म्हणून खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे मानचिन्ह न्याहाळताना दृष्टी प्रथम तलवारींकडे न जाता वर, सारनाथच्या सिंहांकडे जावी, असे मला वाटते. ब्रिटिश अमदानीत लष्करी बिल्ल्यांवर त्या जागी राजमुकुट असे, आणि हुकमत कोणाची हे त्यावरून शिपायास उमगे. २६ जानेवारी १९५० रोजी प्रजासत्ताक अस्तित्वात आले, तो मुकुट उतरला आणि त्याच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह रुजू झाले. कलिंगच्या युद्धातील संहार पाहून ज्याने दिग्विजयाचा मार्ग सोडला आणि आपला पश्चात्ताप शिलालेखांत कोरवून प्रजेपुढे मांडला, त्या सम्राटाची मुद्रा शस्त्रांच्या मस्तकी असावी, ही योजना फार अर्थगर्भ आहे.

सिंहांखाली परस्परांना छेदणाऱ्या तलवारी भूदलाच्या, नांगर नौदलाचा आणि पंख पसरलेला गरुड वायुदलाचा. ही गुंफण केवळ शोभेची नव्हे. १ जानेवारी १९४९ रोजी तिन्ही दलांच्या छात्रांना एकत्र शिकविण्याचा उपक्रम डेहराडून येथे सुरू झाला, त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला पंडित नेहरूंनी खडकवासल्यास कोनशिला बसविली, आणि १६ जानेवारी १९५५ रोजी प्रबोधिनीचे रीतसर उद्घाटन झाले. तेव्हापासून पुढे रणगाड्यावर चढणारा, युद्धनौकेवर जाणारा आणि विमान उडविणारा असे तिघेही येथे तीन वर्षे एकाच स्क्वॉड्रनमध्ये राहतात, एकाच भोजनगृहात जेवतात, आणि मगच आपापल्या दलाच्या संस्थेकडे रवाना होतात. त्यांतील नांगराविषयी मराठी माणसास विशेष आपुलकी वाटावी, कारण २०२२ साली नौदलाने स्वीकारलेल्या नव्या ध्वजावर नांगर असलेल्या चिन्हाभोवती जी अष्टकोनी चौकट आहे, तिची प्रेरणा शिवछत्रपतींच्या राजमुद्रेतून घेतलेली आहे.

तळाच्या पट्टीवर 'सेवा परमो धर्मः' हे ब्रीद आहे. त्यात विजयाचा उच्चार नाही, शत्रूचा तर नाहीच. कोवळ्या वयात शस्त्र हाती घेणाऱ्यास ते कोणासाठी घ्यावयाचे, एवढेच तेथे बजावलेले आहे, आणि माझ्या मते या चिन्हातील सर्वांत कठीण आज्ञा हीच होय. २०२२ मध्ये मुलींची पहिली तुकडी येथे दाखल झाली, तेव्हा त्यांनाही हेच ब्रीद मिळाले.