जुने वाडे आणि नवी तार

सातारच्या पेठांतून अद्याप उभे असलेले जुने वाडे ज्यांनीं आंतून पाहिले आहेत, त्यांस तेथील भिंतींची जाडी सांगावयास नको. दीड-दीड हात रुंदीच्या या दगडमातीच्या भिंतींनीं उन्हापावसास पिढ्यान्‌पिढ्या बाहेर थोपवून धरिलें. आतां त्याच भिंती वाय-फायच्या लहरींसहि अडवूं लागल्या आहेत. राउटर सोप्यांत ठेवावा आणि माजघरापलीकडील खोलींत मुलाची परीक्षा किंवा सुनेची कचेरीची बैठक ऐन वेळीं तुटावी, हा प्रकार आम्ही एकाहून अधिक घरीं पाहिला आहे. यावर दुसरें-तिसरें यंत्र विकत आणण्यापेक्षां नेटवर्क केबलची एकच तार नीट ओढून घ्यावी, असें आमचें मत आहे. आणि तिचा मार्ग जमिनीलगत नसून माळ्यावरून आहे.

या तारेंत तांब्याचे आठ बारीक धागे असून त्यांच्या चार जोड्या पिळलेल्या असतात. हा पीळ शोभेचा नव्हे. बाहेरील विजेचा उपद्रव जोडींतील दोन्ही धाग्यांस सारखाच होतो, आणि पलीकडील यंत्र दोहोंमधील फरकच तेवढा वाचीत असल्यामुळें तो उपद्रव गळून जातो. म्हणून टोंक जोडतांना कारागिरास अर्ध्या इंचाहून अधिक पीळ उकलूं देऊं नये. १०० मीटरांची मर्यादा मोठ्या वाड्यासहि पुरून उरते. बाजारांत मात्र तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची स्वस्त तार मिळते; धागा चाकूनें खरवडून पाहावा, आंत पांढरा दिसला तर ती परत करावी.

माळ्यावर तुळईस भोंक पाडूं नये; तिच्या कडेनें प्लॅस्टिकची नळी टाकून तींतून तार न्यावी, म्हणजे उंदरांपासूनहि ती वांचते. विजेच्या तारांपासून हातभर अंतर राखावें. त्या ओलांडावयाच्याच असल्या तर काटकोनांत ओलांडाव्या. मातीची भिंत कोरण्याचेंहि कारण नाहीं. खांबाच्या आडून तार खालीं सोडावी आणि पूर्वीं दिवा ठेवीत त्या कोनाड्यांत तिचें टोंक बसवावें.

साताऱ्यास भिंतींची अडचण, तर त्याच कृष्णेच्या कांठीं सांगलीस पाण्याची. आयर्विन पुलापाशीं ४५ फूट ही धोक्याची पातळी; ऑगस्ट २०१९ मध्यें पाणी ५७ फुटांवर गेलें आणि गांवभागांतील घरांचे तळमजले बुडाले. २०२१ सालीं पूर पुन्हां आला. अशा घरीं राउटर वरच्या मजल्यावरच हवा, तळमजल्यावरील प्रत्येक खोलीची तार वरून उतरावी, आणि चार-पांच हात तार माळ्यावर वेटोळें करून शिल्लक ठेवावी. पूर ओसरल्यावर भिजलेला तुकडा कापून नवें टोंक जोडतां येतें. तळाशीं तार फिरविलेल्या एका घरीं ही सोय नव्हती. त्यांस ओल्या भिंती वाळेपर्यंत थांबून सारेंच काम नव्यानें करावें लागलें.

हें काम पावसापूर्वीं, माळ्यावरील बरण्या व अडगळ हलविली जाते त्याच वेळीं काढावें. कारागिरास मात्र सकाळींच बोलवावें. वैशाखांत दुपारीं कौलांखालीं घटकाभरहि उभें राहवत नाहीं.