विसरले, वगळले की वाळीत टाकले?

इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलांच्या तोंडी ‘लीव्ह आउट’ हे क्रियापद हमखास असते. निबंधात राहिलेला शब्द असो की खेळात न घेतलेली मैत्रीण, दोन्हींसाठी हे एकच क्रियापद चालते. मराठीत मात्र तसे भागत नाही. कोणाला बाहेर ठेवले एवढेच नव्हे, तर कोणत्या हेतूने ठेवले, हेही सांगावे लागते.

आमंत्रणाच्या यादीत एखादे नाव राहून गेले तर तो विसर. पाहुण्यांना चालत नाही म्हणून भाजीतून कांदा वगळला तर ते जाणूनबुजून, पण त्यात कोणाचे वाईट नाही. ज्येष्ठाला सोडून कनिष्ठाला बढती दिली तर ज्येष्ठाला डावलले. इथे हक्क मारला गेला. आणि अख्ख्या समाजाने एखाद्या कुटुंबाशी बोलणे-चालणे, देणे-घेणे तोडले, तर त्या कुटुंबाला वाळीत टाकले.

रायपूरच्या मराठी घरांना या शेवटच्या शब्दाचा तिथला जोडीदार चांगला ठाऊक आहे: हुक्का-पानी बंद. एकत्र हुक्का ओढणे, एकमेकांच्या घरचे पाणी पिणे ही आपलेपणाची खूण. ती तोडली की शेजारी बोलत नाहीत, लग्नकार्याला कोणी येत नाही, मयतीला खांदा मिळत नाही. कारण काय, तर अनेकदा मुलाने किंवा मुलीने जातीबाहेर केलेले लग्न! रायपूरचे नेत्रतज्ज्ञ डॉ. दिनेश मिश्र अशा बहिष्काराविरुद्ध कायदा व्हावा, अशी मागणी करत आले आहेत.

महाराष्ट्राने २०१६ साली असा कायदा केला आणि तो ३ जुलै २०१७ पासून लागू झाला. वाळीत टाकणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. म्हणूनच शब्द महत्त्वाचा. ‘आम्हाला लग्नाला बोलावले नाही’ ही नुसती नाराजी वाटते. ‘आम्हाला वाळीत टाकले’ ही गुन्ह्याची तक्रार ठरते.

तेव्हा मूल शाळेतून येऊन ‘मला लीव्ह आउट केलं’ म्हणाले, तर लगेच समजूत घालू नका. आधी विचारा, विसरले, डावलले की सगळ्यांनी मिळून बोलणेच टाकले? विसरले असतील तर उद्या खेळ पुन्हा सुरू होईल. पण बोलणेच टाकले असेल, तर मुलाला नुसता धीर देऊन चालणार नाही, वर्गशिक्षकांना भेटायलाच हवे.