अफू : औषध आणि विष

एकेकाळी रडणाऱ्या तान्ह्या मुलास झोप यावी म्हणून अफूचा कण चाटवीत असत. असह्य वेदनेने तळमळणाऱ्या रुग्णास डॉक्टर आजही अफूपासून काढलेले मॉर्फिन देतात. परंतु जे द्रव्य वेदना शमविते, तेच प्राणही हरण करू शकते. मॉर्फिनपासून हेरॉइन होते व त्याचे भेसळयुक्त रूप म्हणजे ‘गर्द’.

हे विष मारते कसे? आपण झोपलो असतानाही मेंदूतील एक केंद्र आपला श्वास चालू ठेवते. अफूजन्य द्रव्याची मात्रा अधिक झाली की ते केंद्र मंदावते आणि श्वास संथ होत होत थांबतो. नालोक्सोन हे औषध वेळीच दिले, तर तो अंमल काही काळ हटतो. म्हणून अशा प्रसंगी लोकलज्जेने दार लावून बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. या सेवेचा आरंभ २००५ साली आपल्या हैदराबादेतच झाला.

महाराष्ट्रात गर्दचा प्रसार झाला, तेव्हा अनिल अवचट यांनी त्यावर लेख लिहिले. पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक साहाय्य दिले आणि डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झाले. व्यसनी मनुष्य हा गुन्हेगार नसून रुग्ण आहे, ही त्या कार्यामागील दृष्टी होय. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातही, स्वतः होऊन उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीस काही अटींवर खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूद आहे.

उपचारानंतरही सावध राहावे लागते. काही आठवडे व्यसन सुटले की शरीराची सहनशक्ती घटते. अशा वेळी पूर्वीइतकीच मात्रा घेतली, तर ती प्राणघातक ठरू शकते. याकरिता उपचार मध्येच सोडू नयेत व कुटुंबीयांनी रुग्णाची साथ सोडू नये.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे २ कोटी २६ लक्ष लोक अफूजन्य द्रव्ये घेत होते. ही संख्या पाहता, आपल्या ओळखीत असे कोणी नसेलच, असे कसे म्हणावे? आपल्या नगरात एर्रगड्डा येथे मानसिक आरोग्याचे शासकीय रुग्णालय आहे; १४४४६ या राष्ट्रीय क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

विद्यार्थिमित्रांनो, ‘एकदाच घेऊन पाहा’ म्हणणाऱ्यास निर्धाराने नकार द्या. पण एखादा सोबती या जाळ्यात सापडलाच, तर त्याची निंदा न करता हे वडीलधाऱ्यांच्या कानी घाला. ती चहाडी नव्हे. ते मित्रकर्तव्य होय.