जुन्या दुर्बिणीचा दोष किती?

घरांतील मुलानें हौसेनें जुन्या बाजारांतून दुर्बीण आणावी, पहिल्याच रात्रीं गुरु अंधुक दिसावा आणि दुर्बिणीची रवानगी माळ्यावर व्हावी, हा प्रकार आम्हीं पुष्कळ घरीं पाहिला आहे. बहुधा दोष यंत्राचा नसून उतावळेपणाचा असतो.

६० मिलिमीटर व्यासाच्या भिंगाची व ७०० मिलिमीटर नाभीय अंतराची दुर्बीण घ्या. तिला ४ मिलिमीटरचें नेत्रभिंग लावल्यास वर्धन १७५ पट होतें. पण व्यासाच्या मिलिमीटरांच्या दुपटीपलीकडे, म्हणजे येथें १२० पटींपलीकडे, प्रतिमा केवळ फुगते, स्पष्ट होत नाहीं. प्रथम २५ मिलिमीटरचें नेत्रभिंग लावावें. २८ पट पुरे. गॅलिलिओनें १६१० सालीं गुरूचे चंद्र पाहिले ते सुमारें २० पटींनींच!

दुर्बीण अर्धा-पाऊण तास आधीं अंगणांत ठेवावी. नळींतील उष्ण हवा निवल्यावांचून बिंब स्थिर होत नाहीं. खिडकीच्या कांचेंतून पाहूं नये. तिवई डळमळत असल्यास तिचे पाय आखूड करून मध्यें वजन टांगावें. भिंगावरील धूळ पदरानें वा रुमालानें पुसूं नये. थोड्या धुळीनें बिघडत नाहीं, ओरखड्यानें बिघडतें.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगतों. जुन्या पेटींत नेत्रभिंगावर बसवावयाची काळी सूर्यकांच असल्यास ती आजच टाकून द्यावी. एकवटलेल्या उन्हानें ती तडकते, आणि मग क्षणांत डोळा कायमचा जाण्याचें भय असतें. दुर्बीण दुरुस्त करतां येते. गेलेली दृष्टि परत आणतां येत नाहीं.