शरीरातील सफाई कामगार आणि दगडाची धूळ

प्रतिकारशक्ती म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे लढाई उभी राहते. मी आज सफाईविषयी बोलणार आहे.

१८८२ साली सिसिलीतील मेसिना येथे मेचनिकॉफने तारामाशाच्या पारदर्शक डिंभात गुलाबाचा काटा खुपसून ठेवला. सकाळी पाहतो तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा! परके दिसले की गिळणाऱ्या अशा पेशींपैकी आपल्या शरीरातील मोठ्या, त्या महाभक्षी पेशी.

परंतु जंतू गिळणे हे त्यांचे रोजचे काम नव्हे. रोजचे काम घरचाच केर काढण्याचे. जुन्या झालेल्या तांबड्या पेशीच दिवसाला सुमारे २०,००० कोटी. प्लीहेतील व यकृतातील महाभक्षी पेशी त्या मुकाट्याने गिळतात. मेलेली पेशी गिळताना ‘ही आपलीच होती, गलबला नको’ असा रासायनिक निरोपही शेजारी देतात. स्वकीयांविषयीची शरीराची सहिष्णुता बरीचशी या सफाईवर उभी आहे. कचऱ्याची गाडी चार दिवस आली नाही की पेठेचे काय होते, हे तुम्हांला सांगावयास नकोच. केर साचला की शरीर आपल्याच द्रव्यांना परके समजू लागते. ल्युपसच्या रोग्याच्या रक्तात स्वतःच्याच डीएनएविरुद्ध प्रतिपिंडे सापडतात, त्याचे एक कारण हेच.

आता दगडाच्या धुळीकडे येतो. हा विषय मी वाचावयास घेतला तो तिच्यापायीच. खडी फोडताना उडालेला सिलिकेचा कण फुप्फुसात गेला की महाभक्षी पेशी तो गिळते. पण दगड पचणार कसा? आतली पाचक पिशवी फुटते, पेशी मरते, कण मोकळा होतो आणि दुसरी पेशी तोच गिळते. प्रत्येक जण मरताना दाहाची हाकाटी करून जाते. सफाई करणाराच केर होऊन पडला!

म्हणून सिलिकोसिस हा केवळ छातीचा रोग मानू नये. कातडी कठीण करणारा स्क्लेरोडर्मा हाही शरीराने स्वतःवर उलटण्याचाच विकार. तो पाथरवटांत दिसतो हे एडिंबरोच्या ब्रॅमवेलने १९१४ मध्ये लिहिले. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणकामगारांविषयी इरॅस्मसने १९५७ मध्ये. धुळीने संधिवाताचा धोकाही वाढतो. प्रत्येकालाच हे होते असे नाही; आनुवंशिक कलही लागतो. तरी सांधे धरले म्हणून दवाखान्यात गेलेल्या पाथरवटाला ‘काम काय करता?’ असे विचारलेले मी क्वचितच ऐकले आहे.

हा प्रश्न औषधासाठीही हवा. सांध्यात महाभक्षी पेशी टीएनएफ नावाचे दाहक द्रव्य सोडतात. ते अडविणारी उत्तम औषधे आज आहेत. परंतु त्यांनी दबलेला क्षय उसळू शकतो, आणि सिलिकोसिसच्या माणसाला क्षयाची भीती आधीपासूनच असते.