गोणपाटाची गोष्ट मुलाला कधी सांगायची?

कराडच्या एका विहारात रविवारी वंदना आटोपल्यावर एक माउली सांगत होती. मुलगा सहावीत. सोमवार उजाडला की पोटात दुखते, दप्तराला हात लावत नाही. डॉक्टरांनी तपासले, पोटात काही नाही. मग कळले. वर्गात गुरुजी म्हणाले, "शिष्यवृत्तीवाले उभे राहा." पोरे हसली. तेव्हापासून याच्या बाकावर कुणी बसत नाही. हे ऐकून आमचे एक जुने कार्यकर्ते म्हणाले, "अरे, बाबासाहेब गोणपाटावर बसून शिकले. तू एवढ्याशाने रडतोस?" पोराने मान खाली घातली ती वर केली नाही.

बांधवांनो, हे वाक्य मीही बोललो आहे. पण स्वतः बाबासाहेबांनी काय लिहून ठेवले? १९०१ साली थोरले बंधू व दोन भाच्यांसह ते वडिलांकडे निघाले आणि मसूर स्टेशनावर उतरले. मसूर म्हणजे आपल्या कराड तालुक्यातलेच. अंगावर नवे कपडे, डोक्यावर झगझगीत टोप्या. जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. दुप्पट भाडे कबूल केले तेव्हा बैलगाडी मिळाली. तीही मुलांनी हाकायची, गाडीवान पायी चालणार. शिदोरी होती, पाणी कुणी दिले नाही. साताऱ्याच्या शाळेतले वेगळे गोणपाट त्यांना आधीच ठाऊक होते, पण या प्रवासाने जबर धक्का दिला. परदेशातल्या पदव्या घेऊन आल्यावर, तीसहून अधिक वर्षांनी त्यांनी लिहिले की तो ठसा पुसला गेला नाही. मग सहावीतल्या पोराने चार दिवसांत विसरावे, हा कुठला न्याय?

पुढे १९१९ साली कराडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था काढणारे भाऊराव पाटील यांना इस्लामपूरच्या शाळेत एक मुलगा वर्गाबाहेर बसलेला दिसला. नुसता उपदेश करून ते पुढे गेले नाहीत. त्याला कोल्हापूरला नेले, मिस क्लार्क वसतिगृहात ठेवले. तेच ज्ञानदेव घोलप, पुढे 'मूकनायक'चे संपादक. आधी जागा बदलली, मग माणूस उभा राहिला.

आपण काय करावे? आधी ऐकावे, मधे न बोलता. "तूच काही केले असशील" हे तर चुकूनही म्हणू नये. शाळेत मोर्चा नेण्याची घाई नको. दुसऱ्या दिवशी त्या वर्गात पोराला एकट्यालाच बसायचे असते. दोघांनी जावे, मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे १७ वे कलम शारीरिक शिक्षेइतकीच मानसिक छळालाही बंदी करते. झोप उडाली, पोर अंथरूण ओले करू लागले, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. त्यात लाज कसली? टेली-मानसचा १४४१६ हा फोन तर फुकट आहे.

त्या दिवशी मी पोराला बाहेर पायरीवर घेऊन बसलो. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "काका, माझ्या बाकावर कुणी बसेल असं सांगाल का गुरुजींना?"