चार तासांत १२० लिटर

दिवसाला दोन लिटर धरलं, तर आपण आठवड्याला १४ लिटर पाणी पितो. डायलिसिसवरच्या रुग्णाच्या रक्ताला लागून आठवड्यात ३६० लिटर पाणी वाहतं. मशीनमधून मिनिटाला साधारण ५०० मिलीलिटर द्रव जातो. चार तासांच्या एका डायलिसिसला झाले १२० लिटर, आणि आठवड्यातून अशा तीन फेऱ्या. वर्षाकाठी १८,७२० लिटर. एवढं पाणी प्यायला आपल्याला पंचवीस वर्षं पुरणार नाहीत.

शिवाय हे पाणी पोटातून जात नाही. आतड्याची राखण इथे नाही आणि नको ते बाहेर टाकणारी मूत्रपिंडं निकामी झालेली. मध्ये असतो फक्त डायलायझरमधल्या हजारो पोकळ तंतूंचा पातळ पडदा. त्यातून जे सुटेल ते थेट रक्तात.

म्हणून इथली मापं इतकी कडक. १०,००० लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा. त्यात जेमतेम १ ग्रॅम क्लोरीन, ही डायलिसिसच्या पाण्याची कमाल मर्यादा. ॲल्युमिनियम असेल तर तोच १ ग्रॅम १० टँकरमध्ये. पारा असेल तर तब्बल ५०० टँकरमध्ये! उलट नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन असावं, असं भारतीय मानक सांगतं. पिण्यासाठी जे किमान, ते डायलिसिससाठी मर्यादेच्या दुप्पट.

जंतूंचंही तसंच. मिलीलिटरमागे १०० ही मर्यादा छोटी वाटते, पण १२० लिटरला गुणलं की आकडा १ कोटी २० लाखांवर जातो. म्हणून ५० लाच धोक्याची घंटा मानतात. जंतू पडदा सहसा ओलांडत नाहीत. त्यांच्या कवचातलं एंडोटॉक्सिन ओलांडू शकतं. मग रुग्णाला हुडहुडी भरते, ताप चढतो, रक्तदाब उतरतो.

चूक किती महाग पडते, ते १९९६ साली ब्राझीलमधल्या कारुआरूने दाखवलं. टँकरने आणलेल्या, नीट प्रक्रिया न झालेल्या पाण्यात निळ्या-हिरव्या शैवालाचं विष होतं. केंद्रातल्या सुमारे १३० रुग्णांपैकी ११६ आजारी पडले, १०० जणांचं यकृत निकामी झालं. त्या विषाच्या खात्यावर ५२ मृत्यू नोंदले गेले.

आता आपल्या युनिटमधली सकाळ पाहा. आर.ओ. प्लांट पंधरा मिनिटं चालू द्यायचा, पहिल्या कार्बन टँकनंतरच्या नळातून १० मिलीलिटर नमुना घ्यायचा आणि क्लोरीन तपासायचं. क्लोरामाइन हे क्लोरीनचंच संयुग आर.ओ.च्या पडद्यालाही पुरतं जुमानत नाही. ते रक्तात गेलं तर तांबड्या पेशी फुटतात. त्याला अडवतो तो कार्बन, आणि कार्बन संपलाय हे बाहेरून दिसत नाही. आकडा लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमच्या वर गेला, तर दुसऱ्या टँकनंतर तपासायचं. तिथेही वर असेल, तर डायलिसिस थांबवायचं.

दहा मशीनच्या एका शिफ्टला १,२०० लिटर लागतात. म्हणजे तो नमुना स्वतःच्या १ लाख २० हजार पट पाण्याची हमी देतो. म्हणून कालचाच आकडा आज रजिस्टरमध्ये उतरवणं म्हणजे दहा जणांचा जीव टांगणीला लावणं. नमुना नापास झाला, तर मशीन बंद ठेवण्याचा अधिकार सिस्टरला लेखी मिळाला पाहिजे, आणि तिने तो वापरला तर डॉक्टर, व्यवस्थापन आणि रुग्णाचे नातेवाईक, सगळ्यांनी तिच्या पाठीशी उभं राहिलं पाहिजे.